सेहेचाळिसाव्या दिवसाचा रस्सा

दा नांग, रविवार दुपार

प्रिय दिएमताई,

फोन सोडून ही बया कागदावर का लिहायला लागली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी "हो ताई, बरं ताई" म्हणत जाते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मी कशाला तरी कबूल होऊन बसले आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. आई आत झोपली आहे. गुडघा तसाच आहे, खोकला मात्र गेला. सकाळची भांडी घासून झाली, गॅस बंद आहे (दोनदा पाहिला), म्हणून निवांत लिहिते.

ताम आजोबांच्या पातेल्यात माझ्या हातून काय पडलं, हे मी तुला त्याच दिवशी रडत रडत सांगितलं होतं. तू म्हणालीस, "गप्प बस. तीन दिवस उरलेत. ज्याला ठाऊकच नाही, त्याचं व्रत कसं मोडेल?" मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना सगळं सांगून टाकलं. त्यापुढचं तू आईकडून ऐकलं असशील. आई सांगते तेव्हा मी अर्धवट डोक्याची असते आणि ती बिचारी असते. एकदा माझ्याकडूनही ऐक.

तू घर सोडलंस तेव्हा आपली टपरी बाजाराच्या कोपऱ्यावर होती. त्या जागी आता बावीस मजल्यांचं हॉटेल उभं आहे. आपल्या गच्चीवरून समुद्राची जी एक फट दिसायची, तीही त्याच्यामागे गेली. तू दरवर्षी नव्या वर्षाला चार दिवस येतेस, तेव्हा टपरी बंद असते, त्यामुळे ताम आजोबांच्या दारातली जागा तू फक्त रिकामीच पाहिली आहेस. कोपरा गेला त्या महिन्यात आई भांडी घेऊन तीन रस्ते फिरली. फुटपाथवर जिथे बसेल तिथून कोणीतरी उठवायचं. चौथ्या दिवशी ताम आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या दारात बस की. आम्हा दोघांनाही सकाळी कुठे लांब जायला नको." तेव्हापासून पाच वर्षं आपल्या वीस स्टुलांना त्यांच्या घराची सावली आहे. आजोबांनी एका शब्दाने त्या जागेला नाही म्हटलं, तर या शहरात आता आईला चूल मांडायला दुसरं दार नाही. हे मी आधीच लिहिते, कारण आई मला जे बोलली ते ती या भीतीपोटी बोलली, हे तू लक्षात ठेवावंस.

ताम आजी गेल्या तेव्हा आजोबांनी एकोणपन्नास दिवस मासा-मटण वर्ज्य केलं. तसं सगळेच करतात, पण तू आपल्या शेजाऱ्यांचं पाहिलं आहेस, कोणी पहिले सात दिवस पाळतो, कोणी फक्त सातवा-सातवा दिवस. आजोबांनी पुरते एकोणपन्नास धरले. कांदा-लसूणसुद्धा नाही. "ती तिकडे वाट शोधतेय," ते म्हणाले, "मी इकडे जेवणात चुकलो तर तिचा पाय अडखळायचा." आणि आईला म्हणाले, "मला स्वयंपाक येत नाही. साठ वर्षांत तिने चुलीजवळ येऊ दिलं नाही. तुझ्याकडे एक वाटी मिळेल का रोज?" आईने ताबडतोब माशाच्या मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेलं मांडलं. ते माझ्याकडे आलं. पांढरा मुळा, उसाचं कांडं, कोबी, अननस, अळंबी, आणि चवीला अननसाचा आंबवलेला अर्क. तो मी स्वतः उन्हात ठेवून केला होता. दिसायला तो माशाच्या अर्कासारखाच लालसर तपकिरी, आणि आपल्याकडे सगळंच पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं. घोटाळा नको म्हणून मी अननसाच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. लहान पातेल्याला वेगळी पळी, वेगळं फडकं, वेगळी फळी. तुला हसू येईल, पण मी आजोबांची वाटीसुद्धा वेगळ्या पाण्यात धूत होते.

मग न्यान मावशीने नाम ओ गावाहून या वर्षीचा माशाचा पहिला अर्क पाठवला. त्यांच्या वाडीची निम्मी घरं आता उठली, तरी ती तिचे रांजण सोडत नाही. पहिल्या धारेच्या बाटलीला ती शुभ म्हणून लाल दोरा बांधते. तेवीस वर्षं बांधते. मी तो दोरा जन्मापासून पाहत आले आहे, आणि माझा दोरा बांधताना मला तो आठवला नाही. आईने ती बाटली फळीवर ठेवली. मला त्या दिवशी इतकी सर्दी होती की उदबत्तीचाही वास येत नव्हता. दोन चमचे. सेहेचाळिसाव्या दिवशी, पावणेसहाच्या सुमारास.

आजोबा नेहमी अर्धी वाटी ठेवून उठायचे. पंचेचाळीस दिवस मी त्यांची उरलेली वाटी उचलली होती. त्या दिवशी त्यांनी तळ दिसेपर्यंत खाल्लं, चमचा वाटीत फिरवला आणि म्हणाले, "पोरी, आज हात चांगला बसलाय तुझा. आणखी आहे का?" मी इतकी खूश झाले, ताई! मी धावत दुसरी वाटी दिली. ती संपवून ते आत गेले, आणि खिडकीतून मला ऐकू आलं, ते आजींच्या तसबिरीशी बोलत होते, "आज जेवलो बरं का. पोटभर जेवलो." दहा वाजता बाटल्या पुसताना माझ्या हातात लाल दोऱ्याच्या दोन बाटल्या आल्या.

तुझा फोन झाल्यावर मी आईशी बोलले. आईने आधी हात धुतले, पुसले, मग म्हणाली, "बाटली कोणी पाहिली?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग झालं तर. तू आणि मी. दोघी गेलो की गोष्ट गेली." मी म्हटलं, आई, पण त्यांनी आजींना सांगितलं, पोटभर जेवलो म्हणून. तर ती म्हणाली, "जेवलेच ना? खोटं कुठे बोलले?" मग आवाज खाली करून, "त्यांच्या मुलाला, क्वीला, ते घर विकायचंय. रोज नवं गिऱ्हाईक आणतो. म्हातारा अजून आपल्यासाठी दार अडवून बसलाय. तू त्यालाच जाऊन सांगणार, आम्ही तुझ्या बायकोच्या व्रतात मासा घातला? अगं, अक्कल गहाण ठेवलीस का?"

आईचं काहीच चूक नव्हतं. मी रात्रभर स्वतःला हेच समजावलं. पण मला एक दिसत होतं, की सकाळी ते पुन्हा स्टुलावर बसतील, मी त्यांच्यापुढे वाटी ठेवेन, आणि ते कालच्यासारखी चव शोधतील. ती सापडणार नाही. मग विचारतील, "आज काय झालं गं?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते? ताई, मी पाच वर्षांची असताना मला छातीचा आजार होता, शाळेत घेत नव्हते. तू शाळेतून आलीस की फाडलेल्या कॅलेंडरच्या पानांमागे मला अक्षरं शिकवायचीस. एकदा मी तुझी शाई सांडली आणि मांजरावर ढकललं. तू मला मारलं नाहीस. मांजराला समोर बसवलंस आणि म्हणालीस, "आता याच्याकडे बघून सांग." मला अजून कोणाकडे बघून खोटं बोलता येत नाही, याला थोडीफार तू जबाबदार आहेस.

सत्तेचाळिसाव्या दिवशी चूल पेटवायच्या आधीच मी आजोबांचं दार वाजवलं. ते कोरड्या कुंच्याने देव्हाऱ्यावरची राख झाडत होते. मी उंबऱ्यातच सगळं एका दमात बोलले, दोरा, बाटली, सर्दी, दोन चमचे. त्यांनी कुंचा खाली ठेवला.

"कुठला दिवस म्हणालीस?"

"कालचा, आजोबा. सेहेचाळिसावा."

"काल मी दोन वाट्या खाल्ल्या."

"हो."

मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "तीनच दिवस राहिले होते. तीन दिवस मूग गिळून बसायला काय धाड भरली होती तुला?" आणि हे ते इतक्या थकून म्हणाले की ओरडले असते तर बरं झालं असतं. मग तसबिरीकडे हात केला. "आणि मला कशाला सांगतेस? मी जिवंत आहे, मला काय होतंय. जिच्यासाठी चाललंय तिला सांग."

मी तीन उदबत्त्या लावल्या. एक मोडली, दुसरी घ्यावी लागली. आजींच्या तसबिरीकडे बघून मी पुन्हा सगळं सांगितलं. तोवर आईला चाहूल लागली असावी, कारण ती पळी हातात घेऊन दारात येऊन उभी होती. आजोबांनी देव्हाऱ्यातली ती दोन जुनी नाणी काढली, एका अंगाला चुना लावलेली. नाणी टाकायची बशी माझ्यापुढे केली नाही, स्वतःच धरली. म्हणाले, "विचारतो. तिने या पोरीला माफ केलं का?" नाणी पडली. दोन्ही पांढरी. "हसतेय," आजोबा म्हणाले. "काही बोलायचं नसलं की अशीच हसायची." दुसऱ्यांदा टाकली. दोन्ही काळी. "झालं. आता रागावली."

तीनच वेळा विचारता येतं, हे तुला मी काय सांगू. आईने दारातून श्वास घेतलेला मला ऐकू आला. आजोबांनी नाणी मुठीत धरली आणि टाकलीच नाहीत. बाहेर पाववाली दोनदा ओरडत गेली. मग ते माझ्याकडे न बघता, तसबिरीशी बोलायला लागले. "बरं, ऐक आता. पहिल्या घोटाला नाही, पण दुसऱ्या घोटाला मला कळलं होतं. साठ वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, मला नाम ओचा अर्क कळणार नाही होय? कळलं, आणि मी वाटी खाली ठेवली नाही. वर आणखी मागितली. म्हटलं, पोरीची चूक आहे, माझी थोडीच आहे. पोरीला काय धरून बसलीस? मला विचार." आणि नाणी टाकली.

एक पांढरं, एक काळं. होकार.

ते खाली बसले, जमिनीवरच. मी पाणी आणायला उठले तर म्हणाले, "बस गं. आता ती बोलली." थोड्या वेळाने बोटं मोजत म्हणाले, "एकोणपन्नासात तर बसलं नाही. आता शंभराव्या दिवसापर्यंत नेतो. तोवर तिचा रस्ता लागेल." आणि आईकडे मान वळवून, "तुला जमेल का गं, तेवढे दिवस आणखी एक वाटी?"

आई हो म्हणणारच होती. पण ताई, त्याआधी मी बोलले. मी म्हटलं, "आजोबा, दोन पातेली शेजारी असली तर मी पुन्हा चुकेन. मी मला ओळखते. कितीही दोरे बांधले तरी मला रोज भीती वाटेल, आणि भीती वाटली की माझा हात जास्तच चुकतो. शंभराव्या दिवसापर्यंत आमच्या टपरीवर मासा शिजणार नाही. एकच पातेलं राहील."

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघाल्यावरच मला कळलं. आई दारातून वळून गेली. आजोबा म्हणाले, "तिला न विचारता?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग आधी तिकडे जा. तिथे नाणी कामाला यायची नाहीत."

आईने मला पदपथावर, गिऱ्हाइकांसमोर झापलं. "माशाच्या वड्यांची टपरी आणि मासा नाही? लोक काय इथे बसून हवा खाणार? टपरी तुझ्या बापाची आहे का?" मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, "बापाचीच होती म्हणा." पण हसली नाही. बाबांच्या हातचा तो दगडी खल तिने तिथल्या तिथे उलटा करून ठेवला आणि मासे भिजवलेलं घमेलं शेजारच्या सेनकाकूला देऊन टाकलं, सगळंच्या सगळं. मी म्हटलं, "आजचं तरी वापर." म्हणाली, "शब्द तू दिलास ना? मग आजपासून."

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी फक्त "सरक" एवढंच बोलली.

एकोणपन्नासाव्या दिवशी आजोबांकडे विधी झाला. क्वी आला होता, बायको-मुलांना घेऊन. जेवणाच्या पंगतीत आजोबांनी आपण होऊन सगळ्यांना सांगितलं, माझं नाव न घेता आधी, मग घेऊन. मी ताटं वाढत होते, मला कुठे तोंड लपवू असं झालं. क्वी म्हणाला, "बाबा, ज्यांनी तुम्हाला फसवलं त्यांना अजून दारात बसवता?" आजोबा म्हणाले, "फसवलं असतं तर ती सांगायला आली असती का? आणि फसलो मी नाही, चवीला भुललो. तू जेव." क्वी पुन्हा काही म्हणायला गेला, तर म्हणाले, "मी आहे तोवर ती स्टुलं हलणार नाहीत. आणि घराचं बोलणं आज काढू नकोस, तुझी आई ऐकतेय." घरी येऊन मी आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलली, "तो कोबी तू फार लवकर टाकतेस. गोडवा मरतो."

टपरीचं म्हणशील तर पहिला आठवडा वाईट गेला. होआनकाका, तो मोटरसायकलवर सवारी नेणारा, रोज दोन वाट्या खायचा. पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, ही टपरी आहे की मठ? मी डोकं भादरून येऊ का उद्यापासून?" आई म्हणाली, "डोक्यावर आहे काय तुझ्या भादरायला?" तो हसला, पण पलीकडच्या टपरीवर गेला. असे बरेच गेले. साडेआठला वीसातली पंधरा स्टुलं रिकामी असायची, आणि मी त्यांच्याकडे बघत उभी राहायचे. न्यान मावशी रागावून आली, तीही गावाहून बस पकडून. "माझ्या अर्काचा तुम्हाला विटाळ झाला म्हणे?" मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. आई म्हणाली, "तुझा अर्क इतका चांगला की म्हाताऱ्याचं व्रत मोडलं. याहून काय प्रशस्ती हवी?" मावशी यावर विचार करत बसली, आणि शेवटी पटलं तिला. जाताना दोन वाट्या रस्सा खाऊन, "काहीतरी कमी आहे," म्हणून गेली.

हे आईच्या मनाला लागलं. मावशीने तिच्या हाताला नाव ठेवलं होतं ना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आई आधीच उठलेली. मुळा आणि उसाचं कांडं तिने निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजलं होतं. अननसाचा दांडा आपण फेकून देतो, तो ठेचून रश्शात टाकला होता. सोयाबीनच्या दुधावरची साय वाळवून, अळंबी आणि ताजी काळी मिरी घालून त्या खलात कुटली. खल मी चुन्याच्या पाण्याने तीनदा घासला होता, तरी तिने चौथ्यांदा घासला. त्या मिश्रणाच्या तिने वड्या थापल्या, माशाच्या वड्यांसारख्याच, कडा कुरकुरीत तळून. पहिली वडी तिने मला दिली नाही. वाटीत घालून आजोबांपुढे ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आजोबांनी सावकाश खाल्लं. म्हणाले, "मासा नाही." आई म्हणाली, "नाहीच आहे." म्हणाले, "मग हे काय आहे?" आई म्हणाली, "खा मुकाट्याने." त्यांनी वाटी संपवली. दुसरी मागितली नाही, पण संपवली. बासष्टावा दिवस होता तो.

तेव्हापासून जरा बरं आहे. पौर्णिमेला आणि प्रतिपदेला तर सगळा बोळ शाकाहारीच असतो, त्या दोन दिवशी आपल्याकडे उभं राहायलाही जागा नव्हती. त्यातल्या चार-पाच बायका नेहमीच्या झाल्या. नव्या हॉटेलात सफाई करणाऱ्या दोन मुली येतात, उपास म्हणून नाही, वड्या आवडतात म्हणून. होआनकाका आठवड्यातून एकदा येतो, अजून केस भादरायचं विचारतो. पूर्वीच्या निम्म्यानेही होत नाही, हे खरं आहे. आई रोज दुपारी मला ते ऐकवते. ऐकवून झालं की दुसऱ्या दिवशीची अळंबी भिजत घालते.

आणि हो, तू पाहुणे घेऊन येणार, हे बोळात सगळ्यांना कळलं आहे. सायगॉनहून अकरा माणसं, तीही सातासमुद्रापलीकडची, विमानाने, आणि पुढे चालवणारी आपली दिएमताई झेंडी घेऊन! आई सेनकाकूला सांगते, "माझी मोठी परदेशातल्या लोकांना खायला शिकवते." पूल दाखवून, समुद्रावर नेऊन, चौथ्या दिवशी संध्याकाळी चारला पाहुण्यांना आपल्या स्टुलांवर बसवायचं, हे तुझं तीन वर्षांचं स्वप्न आहे. तू पहिल्यांदा फोनवर म्हणाली होतीस, "बाकी सगळं कोणीही दाखवेल, पण आईची माशाची वडी फक्त मी दाखवू शकते," तेव्हा आईने तोंडाला फडकं लावलं होतं. मी पाहिलं होतं. म्हणून हे पुढचं लिहायला मला जड जात आहे, पण लिहिणार आहे.

परवा आईच्या फोनवर तुझा निरोप आला. तिचा चष्मा सापडेना, तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच मोठ्याने." मी वाचला. तू लिहिलं होतंस, "आई, सव्वीस तारखेला फक्त तेवढ्या संध्याकाळी माशाच्या वड्या कर. मागच्या बोळात तळ. आजोबा तीन ते पाच देवळात पाठाला असतात, त्यांना कळायचं नाही. पाहुण्यांना मी माशाचंच सांगितलं आहे, आता बदललं तर कंपनी मला पुढची सहल देणार नाही. खुएला सांगू नकोस." मी शेवटचं वाक्यही मोठ्याने वाचलं, थांबता आलं नाही. आई आधी खूप हसली. मग म्हणाली, "तूच उत्तर दे. मी दिलं तर हो देईन." तर ताई, हे ते उत्तर आहे. नाही. मागच्या बोळातही नाही, एका संध्याकाळीही नाही. शंभरावा दिवस तुझ्या सव्वीस तारखेनंतर तेवीस दिवसांनी आहे, आणि मी देव्हाऱ्यापुढे बोलले आहे. तुझी सहल जाऊ शकते, हे मला कळतं. दोन रात्री मी त्याचाच विचार केला, आणि ती गेली तर तुझी ही बहीण त्याला कारण असेल, हेही मी मान्य करते. तुला माशाच्याच वड्या हव्या असतील तर नदीपलीकडे सेनकाकूची बहीण चांगल्या करते, मी काल जाऊन खाऊन पाहिल्या, बारा स्टुलं राखून ठेवायला तिला सांगितलं आहे. तिथे ने, मी रागावणार नाही. पण आमच्याकडे आणलंस तर त्यांना आधी सांग की इथे काय मिळेल. तुझ्याच्याने सांगवलं नाही तर पहिली वाटी ठेवायच्या आधी मी सांगेन. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण हॉटेलातल्या त्या मुलींकडून मी तेवढं एक वाक्य शिकून घेतलं आहे, आणि आता ते न अडखळता म्हणता येतं.

वाट पाहणारी, आणि तरीही तुझीच,

खुए